मागाच्या आवाजात

आमच्या घरात कुणी हळू बोलत नाही.
सून पुण्याची, कोथरूडची. आल्यावर आठ दिवस
तिला वाटायचं, यांची भांडणंच चाललीत.
आम्ही मीठ मागत होतो.

नान्नांचे साखर पेठेत चार माग,
चारही दुसऱ्याचे.
मी डबा घेऊन दारात उभी राहायची,
ते धोटा बदलता बदलता
पाच बोटं तोंडाशी न्यायचे: तू जेवलीस?
मी मान हलवायची. खोटं.
त्या खडखडाटात खोटं बोलायलासुद्धा
आवाज लागत नसे.

दोन बोटं कपाळाला: मालक आला.
तळहात आडवा, हलता: पगार झाला, पण अर्धाच.
ही माझी पहिली शाळा.
दुसरी चौथीत सुटली.

नीलव्वा माझ्या शेजारी कांड्या भरायची.
तिच्या घरी कानडी, माझ्या घरी तेलुगू,
मराठी दोघींचीही उसनी.
त्यामुळे ओठ वाचण्यात आमचा हात
कुणी धरला नाही.

मल्लेशम समोरच्या मागावर.
जानेवारीतली गोष्ट. तो माझ्याकडं बघून म्हणाला,
गाठ पडलीय.
मी वाचलं, गाठ पडू दे.
आणि सारं सोलापूर जिथं होतं तिथं, गड्ड्यात,
मोठ्या पाळण्याखाली दोन तास उभी राहिले,
नव्या परकरात, थंडीत.
तो बिचारा माझ्या कांडीवरच्या सुताबद्दल बोलत होता.
नीलव्वानं दुसऱ्या दिवशी त्याला गाठून
असा काही झाडला,
की त्यानं लग्नच केलं.

पहिली मुलगी.
अकरा दिवसांची झाली आणि गेली.
बाराव्या दिवशी बारसं होतं,
पाळणा शेजारून मागून आणलेला,
तो तसाच परत दिला. पुसून दिला.
मल्लेशम त्या रात्री एक शब्द बोलला नाही.
सकाळच्या पाळीला गेला.
नीलव्वा संध्याकाळी आली, म्हणाली,
दिवसभर त्याचे ओठ हलत होते गं.
काय म्हणत होता?
तिनं पदर खोचला नि चुलीवरची भाकरी उलटली.

पुढं श्रीनिवास झाला. पुढं कर्ज झालं, फिटलं.
पुढं माग भंगारात गेले, किलोच्या भावानं.
त्या दिवशी गल्लीत इतकी शांतता,
की मल्लेशम कानात बोट घालून बघत होता,
हे आपलंच काही बिघडलं की काय.

दोन वर्षांपूर्वी त्याची वाचा गेली.
उजवी बाजूही.
दवाखान्यात सगळे अंदाज करत: पाणी हवंय?
उशी हवीय? श्रीनिवासनं वहीत अक्षरं काढून आणली,
बोट ठेवा म्हणाला.
मी आत गेले. त्यानं डावा हात उचलला,
पाच बोटं तोंडाशी.
मी मान हलवली.
सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता.

आता नीलव्वा येते, दर मंगळवारी,
कर्णिकनगरहून रिक्षानं, गुडघ्याला शिव्या देत.
येताना शेंगांची चटणी.
ती आता पार बहिरी, माझ्या एका डोळ्यात मोतीबिंदू,
म्हणजे ओरडून तिला कळत नाही
आणि ओठ मला दिसत नाहीत.
तरी चार-चार तास बसतो.

गेल्या मंगळवारी मी विचारलं.
चाळीस वर्षं झाली, आता तरी सांग.
तिला प्रश्न कळायला तीनदा हातवारे करावे लागले:
कुशीत धरलं, हलवलं, मग रिकामा हात,
मग ओठांवर बोट.

ती बराच वेळ चटणीच्या डब्याचं झाकण फिरवत राहिली.
नावं, म्हणाली.
नावं घेऊन बघत होता. एकेक.
माग बंद होईस्तोवर.
जेवणाच्या सुट्टीच्या आधी एकावर थांबला,
मग तेच. तेच. तेच.

कुठलं?

तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही,
म्हणून तिनं ते सांगितलं
ते अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं:
हेमलता!

सून हात पुसत बाहेर आली.
कुणाला हाक मारताय?